वकिलाची तक्रार करायची आहे? टाइप करून घेण्याआधी हे वाचा

शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात ‘बार असोसिएशन’ अशी पाटी दिसली की बरेच लोक तिथेच आपल्या वकिलाची तक्रार द्यायला निघतात. पुणे बार असोसिएशन ही वकिलांची संघटना आहे. बसायची सोय, लायब्ररी, वकिलांच्या अडीअडचणी, निवडणुका हे तिचं काम. तिथल्या एखाद्या पदाधिकाऱ्याने मनावर घेतलं तर तो तुमच्या वकिलाला बोलावून चार शब्द सुनावेल, आणि कधीकधी तेवढ्यावर फाइल परतही मिळते. पण कोणाच्या सनदेला, म्हणजे वकिली करायच्या परवान्याला, हात लावायचा अधिकार तिथे कोणालाच नाही. सनद देणारी आणि काढून घेणारी संस्था म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. तिचं ऑफिस मुंबईत फोर्टला, हायकोर्टाच्या एक्स्टेन्शन बिल्डिंगमध्ये. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली राज्याराज्यांत अशा कौन्सिल आहेत आणि त्यांच्या वर दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडिया.

मी कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावते. प्रतिज्ञापत्रं, पुरशिशी, नक्कलेचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, जे येईल ते. माझी निम्मी कमाई वकिलांच्या कामावर चालते, तेव्हा त्यांच्याशी माझं वाकडं नाही. पण त्यांच्याविरुद्धचे अर्जही माझ्याच टेबलावर टाइप होतात, आणि त्यातले बहुतेक मी टाइप करतानाच मला कळतं की हे फुकट जाणार. खोटे असतात म्हणून नव्हे. माणसाला हवं असतं एक आणि तो मागत असतो दुसऱ्याच दारात.

म्हणून अर्ज लिहून आणणाऱ्याला मी आधी एकच विचारते. तुम्हाला नक्की काय हवंय? कागद परत हवेत, पैसे परत हवेत, की त्या माणसाला शिक्षा हवी? तिन्ही हवंय असं म्हणतात सगळे. असू दे. पण बार कौन्सिल यातलं शेवटचंच खात्रीने देऊ शकते. तिची शिस्तपालन समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून कायमचं काढू शकते. कायद्याच्या कलम ३५ मध्ये एवढंच आहे. तुमची बुडालेली जमीन, हरलेला दावा, गेलेली वर्षं यांची भरपाई तिथे लिहिलेली नाही.

शिक्षेच्या आधी मात्र केस. राग आलेला असतो तेव्हा हे कोणाला ऐकायचं नसतं, तरी सांगते. वकील तारखेला गेलाच नाही आणि दावा गैरहजेरीत निकाली निघाला असेल, तर तो पुन्हा बोर्डावर आणायच्या अर्जाची मुदत त्या आदेशापासून ३० दिवस आहे. तुम्ही प्रतिवादी असाल आणि एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तरी साधारण तेवढीच. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज, वेगळी कारणं, वेगळी कटकट. बार कौन्सिलची तक्रार पुढच्या महिन्यात केली तरी काही बिघडत नाही. हे ३० दिवस परत येत नाहीत.

आता कोणी म्हणेल, केसचं काय झालं हेच कळत नाही, वकीलसाहेब फोन उचलत नाहीत. त्यांच्या फोनवर आता अवलंबून राहायचं कारण उरलेलं नाही. मोबाइलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं ॲप घ्या. प्रत्येक केसला १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. पुणे जिल्ह्यातला ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. तो टाकला की आधीच्या सगळ्या तारखा, पुढची तारीख, कोणत्या टप्प्यावर केस आहे ते दिसतं. नंबर माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं. मग कोर्टात जाऊन रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला काय झालं त्या नोंदीची, नक्कल मागा. नक्कल विभागात अर्ज द्यायचा, फी भरायची, आणि थोडा धीर धरायचा. स्वतःच्या केसची नक्कल मागायला वकील लागत नाही. आणि रोजनामा हा तुमच्या तक्रारीचा कणा आहे, कारण ‘वादीचे वकील गैरहजर’ हे तिथे कोर्टानेच लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या दहा पानी संतापापेक्षा त्या एका ओळीला वजन जास्त.

कागदांचं बोलू. सगळ्यात जास्त रडारड याचीच असते. वकील म्हणतो, उरलेली फी दे, मग फाइल नेतोस ती ने. पुष्कळांना वाटतं की हा त्याचा हक्कच आहे. नाही. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने सुमारे ९७ हजारांच्या फीसाठी बँकेच्या फायली अडकवून ठेवल्या होत्या. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०००मध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद धरून ठेवता येत नाहीत. फीसाठी त्याने कायदेशीर मार्ग धरावा. मागूनही फाइल न देणं हे गैरवर्तन ठरतं. कायदा तोवर स्पष्ट नव्हता म्हणून त्या वकिलाला समज देऊन सोडलं. आज ती सबब चालणार नाही.

तेव्हा फाइल हवी असेल तर तोंडी मागू नका. अर्ध्या पानाचं पत्र पुरतं: अमुक कोर्ट, अमुक दावा क्रमांक, मी दुसरा वकील नेमत आहे, माझे मूळ कागद आणि नव्या वकीलपत्रासाठी ना हरकत सात दिवसांत द्यावी. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच मिळाल्याचा पुरावा काढून ठेवा. ‘रजिस्टर एडी करा’ असं अजून सगळे म्हणतात, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर वाद घालत बसू नका. तेच पत्र व्हॉट्सॲपवरही टाका. निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट घ्या. जुन्या वकिलाने ना हरकत दिलीच नाही तर केस अडून राहत नाही. नवा वकील कोर्टाकडे परवानगी मागतो, कारण सांगतो, आणि कोर्ट ती देऊ शकतं. ‘एनओसीशिवाय आपण काहीच करू शकत नाही’ असं सांगणारा नवा वकील भेटला तर तिसरा शोधा.

नवा वकील परवडत नसेल तर आवारातच मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, हे मी रोज कोणाला तरी सांगते आणि रोज कोणाला तरी ते नवीन असतं. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले लोक यांनाही नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची मर्यादा.

पैशांकडे येते, आणि इथे निराशा आहे. पूर्वी लोक ग्राहक मंचात जायचे, वकिलाने सेवेत कसूर केली म्हणून. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते दार लावलं: वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल तर दिवाणी दावा लावता येतो, म्हणजे एका वकिलाविरुद्ध दुसरा वकील घेऊन पुन्हा तारखा. तुमच्यासाठी कोर्टात जमा झालेली रक्कम वकिलाने उचलली आणि तुम्हाला दिलीच नाही, तर तो नुसता बार कौन्सिलचा विषय राहत नाही. विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो आणि पोलिसांकडेही जाता येतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत साफ आहे की पक्षकाराच्या वतीने पैसे आले तर वकिलाने लवकरात लवकर कळवायचं, हिशोब ठेवायचा आणि मागितल्यावर हिशोबाची प्रत द्यायची. म्हणून आधी लेखी हिशोब मागा. त्याला उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर तेही तुमच्या कामाचं.

कोथरूडच्या एक काकू मध्यंतरी आल्या होत्या. मुलगा इंग्लंडमध्ये, घर घेताना सॉलिसिटरने घोळ घातला, आणि भरपाई तिथल्या एका वेगळ्याच ऑफिसातून मिळाली म्हणे. आपल्याकडे ते ऑफिस कुठे आहे, असा त्यांचा प्रश्न. नाहीये. तिकडे दोन खिडक्या आहेत. सॉलिसिटरने लबाडी केली, नियम मोडले, तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी. काम रडतखडत केलं, बिल अव्वाच्या सव्वा लावलं, तर लीगल ओम्बुड्समन. तो ५० हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. पण त्याआधी फर्मकडे तक्रार करून साधारण आठ आठवडे वाट पाहावी लागते. आपल्याकडे खिडकी एकच आणि तिथे फक्त लबाडी बघतात. मुंबईत सॉलिसिटर म्हणवणारे आहेत, त्यांची वेगळी परीक्षाही असते; पण त्यांची सनद इतर वकिलांसारखीच, तक्रारही त्याच कौन्सिलकडे.

तर मग तक्रार कशाची होते? केस हरलो याची होत नाही. वकील तुसडेपणाने बोलला याचीही नाही, खरं सांगायचं तर. एखादी चूक, विसरलेली तारीख, यांना कोर्टांनी बहुतेक वेळा नुसता निष्काळजीपणा मानलंय. त्यात अप्रामाणिकपणा किंवा टोकाची बेपर्वाई दिसावी लागते. बनावट आदेश दाखवून पैसे घेतले, दावा दाखलच न करता ‘तारीख पडली’ म्हणत वर्षं काढली, कोऱ्या कागदावरच्या सहीचा वापर केला, तुम्हाला सल्ला देऊन नंतर त्याच भांडणात समोरच्याचं वकीलपत्र घेतलं, निकालातल्या रकमेचा टक्का ठरवून फी घेतली: हे धरतात. टक्क्याची फी नियमात चालतच नाही. मोटार अपघाताच्या दाव्यांत किती जण ती देऊन बसतात हे मी टाइप केलेल्या कागदांवरून सांगू शकते, पण ते राहू दे.

समोरच्या पक्षाच्या वकिलाची तक्रार घेऊन येणारेही खूप. त्याने माझ्याबद्दल कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, खोटं लिहिलं, म्हणतात. अहो, तो त्याच्या पक्षकाराचं म्हणणं लिहितोय! अशी तक्रार सहसा टिकत नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच अशा प्रकरणात आपल्या कौन्सिलला फटकारलं की तक्रारदार आणि वकील यांच्यात वकील-पक्षकाराचं नातंच नसताना चौकशी लावलीच कशी.

लिहायचं कसं, हे आता. तक्रार मराठीत चालते. राज्यभाषेत तक्रार देता येते असं नियमातच आहे. दिल्लीला पाठवायची वेळ आली तर इंग्रजी भाषांतर करणं कौन्सिलचं काम. तेव्हा ‘इंग्लिशमध्ये वजन पडतं’ म्हणून दुप्पट पैसे देऊन भाषांतर करून घेऊ नका. साधं पत्र मात्र पुरत नाही. अर्जाच्या रूपात हवं, सही हवी आणि खाली दिवाणी अर्जाला असते तशी सत्यापनाची, म्हणजे वरचा मजकूर खरा असल्याची, ओळ हवी. फी भरावी लागते आणि प्रती जास्त लागतात. किती, ते कौन्सिलच्या ऑफिसात फोन करून आदल्या दिवशी विचारा. माझ्या किंवा कोणाच्याही सांगण्यावर जाऊ नका.

ज्याची तक्रार करताय तो वकील म्हणजे अर्जातला ‘सामनेवाला’; त्याच्या नावापुढे सनद क्रमांक टाका. तो ‘एमएएच’, मग आकडा, मग वर्ष असा असतो आणि वकीलपत्रावर छापलेला सापडतो. हा क्रमांक नुसता सोपस्कार नाही. कौन्सिल फक्त स्वतःच्या पटावरच्या वकिलाची चौकशी करते. क्रमांक दुसऱ्या राज्याचा असेल तर तक्रार तिकडे. आणि क्रमांक कुठेच सापडत नसेल, पटावर नावच नसेल, तर तो वकीलच नाही. सनदेशिवाय कोर्टात वकिली करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि मग पोलीस स्टेशन गाठायचं.

हडपसरच्या एक ताई वहीची आठ पानं भरून आणून बसल्या होत्या. सुरुवात अशी: ‘सदर वकील हा अत्यंत नालायक, लोभी व गरिबांच्या तळतळाटाला न घाबरणारा इसम असून…’ मी म्हटलं, ताई, हे सगळं खरं असेल, पण समितीवर बसलेले तिघंही वकीलच असणार. पहिल्या ओळीत त्यांच्या जातभाईला शिव्या घालून तुम्हाला काय मिळणार? आम्ही ते असं केलं: ‘१. तक्रारदार यांनी सामनेवाले यांस वाटपाच्या दाव्यासाठी वकीलपत्र दिले व फी रु. ४०,००० ऑनलाइन अदा केली (कागद क्र. १). २. सामनेवाले यांनी दावा दाखल झाल्याचे व्हॉट्सॲपवर कळवून दावा क्रमांक दिला (कागद क्र. २). ३. सदर क्रमांकाचा दावा अन्य पक्षकारांचा असल्याचे नकलेवरून दिसते (कागद क्र. ३).’ आठ पानांची दोन झाली. ताई हिरमुसल्या, कारण त्यांच्या मते सगळा जीवच गेला होता अर्जातला. पण तिसरा परिच्छेद वाचल्यावर कोणत्याही समितीला पुढचं वाचावंच लागेल.

तेव्हा एका परिच्छेदात एक घटना, तारखेसह, आणि प्रत्येक घटनेला कागद. रोख दिले असतील आणि पावती नसेल तर तसंच लिहा. त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद लावा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे छापा, आणि तो फोन विकू नका. शेवटी मागणी. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं मोघम नको. कलम ३५ खाली चौकशी करून शिक्षा व्हावी असं लिहा. मूळ कागद कधीच पाठवू नका.

मग काय होतं? कौन्सिल आधी बघते की गैरवर्तन झालं असावं असं मानायला जागा आहे का. वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे. तिघांची समिती: दोघं कौन्सिलचे निवडलेले सदस्य, एक बाहेरचा अनुभवी वकील, आणि त्यांच्यातला सगळ्यात ज्येष्ठ तो अध्यक्ष. समितीला साक्षीदार बोलावणं, शपथेवर विचारणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. म्हणजे तुमचीही उलटतपासणी होणार, तीही अशा माणसाकडून ज्याचा तो रोजचा धंदा आहे. अर्जात एक वाक्य जरी वाढवून लिहिलं असेल तरी तेच पकडतात.

कायद्याने तक्रार वर्षात निकाली निघायला हवी, नाहीतर ती आपोआप दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही राज्यांच्या कौन्सिलांना या एका वर्षाची आठवण करून दिली. पुण्याच्या माणसाला प्रकरण दिल्लीला जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तक्रार क्रमांक टाकून स्थिती विचारणारं एक पत्र पाठवत राहा आणि त्याची स्थळप्रत ठेवा.

एक सावधगिरीची गोष्ट, जी टेबलावर सगळ्यात उशिरा विचारली जाते. ‘तक्रार करू, तो घाबरून पैसे देईल, मग मागे घेऊ.’ असं होत नाही. तक्रारदाराने मागे घेतली, तडजोड केली, आता चालवायची नाही म्हणाला, तरी केवळ तेवढ्यावर चौकशी बंद करता येत नाही असा नियम आहे. कौन्सिल कोणाच्या तक्रारीशिवायही चौकशी लावू शकते. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाबाहेर गिऱ्हाइकांवर झडप घालणाऱ्या वकिलांचं प्रकरण तिने लढवत सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं होतं, १९७५ मध्ये. तुमची तक्रार एकदा आत गेली की ती तुमची एकट्याची राहत नाही. पैशांची तडजोड करायची शक्यता असेल तर ती आधी करून बघा, नोटीस देऊन. आणि ‘पैसे दे नाहीतर सनद घालवतो’ असं लेखी कधीही पाठवू नका. तेच पत्र उद्या तुमच्याविरुद्ध खंडणीच्या तक्रारीला जोडलेलं दिसेल.

निकाल विरोधात गेला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील आहे, आदेश कळवल्यापासून ६० दिवसांत. त्यानंतर सुप्रीम कोर्ट, तिथेही ६० दिवस. हे दिवस आदेश तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे ज्या पाकिटातून तो येईल ते पोस्टाच्या शिक्क्यासकट फाइलला टाचून ठेवा.